एडेमची मशागत

अडाणी माणसानं शाळेत जावं आणि आजारी माणसानं दवाखान्यात, हे जगमान्य आहे. परंतु अडाणी असतानाच शाळेत जाणं आणि आजारी असतानाच दवाखान्यात जाणं यात समोरच्याविषयी एक प्रकारची बेपर्वाई असते, हे मात्र आदाकोपे गावाइतकं कुणालाच उमगलेलं नाही. मास्तरांना किती त्रास, डॉक्टरांना किती मनस्ताप, याचा विचार कुणी करतं का? म्हणूनच सरोवराकाठच्या या गावातल्या एडेम डोत्सेची सैन्यात निवड झाली, तेव्हा त्याला तसाच कच्चा छावणीत पाठवायचा नाही, असं गावानं एकमतानं ठरवलं. (एडेमचं मत घेतलं नव्हतं. उमेदवाराचं मत घेण्याची पद्धत सैन्यातही नसते, तेव्हा तयारीला तिथूनच सुरुवात झाली असं धरावं.)

एडेम मासेमारीची जाळी सांधायचा. आईबाप लहानपणीच गेले. अक्पेने आत्यानं त्याला वाढवलं, मासे धुरावर भाजून, बाजारात विकून. त्या धुरानं आत्याचे डोळे कायम लाल असायचे. तिला त्या भट्टीसमोरून उठवायचं, हा सैन्यात जाण्यामागचा एडेमचा सगळा हेतू. देशप्रेम वगैरे होतंच, पण ते नंतरचं.

अडचण एकच होती. एडेमवर कुणी ओरडलं की त्याला हसू यायचं.

यात उद्धटपणा नव्हता. उचकी लागावी तसं ते लागायचं. आधी तो ट्रोट्रोवर, म्हणजे आमच्याकडच्या खटारा वडापवर, क्लीनर होता. ड्रायव्हर ओरडला, हा हसला, ड्रायव्हरनं त्याला वाटेतच उतरवलं. मग शाळेत पहारेकरी झाला. मुख्याध्यापिका ओरडल्या, हा हसला, बाई दुखावल्या. आता तो अशा ठिकाणी निघाला होता जिथे काही माणसांना ओरडण्याचाच पगार मिळतो. पहिल्याच दिवशी त्याची बॅग फाटकाबाहेर पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

गावात लष्करातले जाणकार एकच. निवृत्त कॉर्पोरल कोमला गाद्झेक्पो. त्यांची सगळी सेवा लष्कराच्या भटारखान्यात पाव भाजण्यात गेली. पण भटारखान्याची खिडकी कवायतीच्या मैदानावर उघडायची, आणि तिथून त्यांनी जे पाहिलं ते विसरले नव्हते. गावचे प्रमुख, म्हणजे तोग्बे, यांच्या अध्यक्षतेखाली लष्करपूर्व मशागत समिती स्थापन झाली. कोमलाकाका तांत्रिक सल्लागार, पाद्रीबुवा नैतिक सल्लागार, आणि मासेवाल्या बायकांचा संघ इतर सर्व.

कार्यक्रम शास्त्रशुद्ध होता. जवानाला पाठीवर ओझं घेऊन चालावं लागतं. ओझं किती, याबद्दल कोमलाकाकांना खिडकीतून अंदाज आला नव्हता. पण ते साधारण सिमेंटच्या गोणीइतकं असावं असा पाद्रीबुवांनी निर्वाळा दिला. योगायोगानं चर्चची मागची भिंत बांधायला काढलेलीच होती. जवानाला खंदक खणता यावा लागतो. तोग्बेंनी मोठ्या मनानं स्वतःची केळीची बाग देऊ केली, आणि खंदक सरोवरापासून सुरू होऊन बागेतल्या शेवटच्या केळीपर्यंत जावा, एवढीच सूचना केली. (शत्रू त्या दिशेनं येण्याची शक्यता सर्वाधिक.) जवानाला सरपटत जाता यावं लागतं. त्यासाठी भुईमुगाच्या दोन ओळींमधली जागा अगदी मापाची. आणि सरपटताना हात मोकळे राहिले तर मनात नाही नाही ते विचार येतात, म्हणून जाता जाता तण उपटायचं ठरलं. धावण्याच्या सरावासाठी ट्रोट्रोमागून धावायचं होतं. पण ती गाडी बहुतेक दिवशी बंद पडायची, मग ती ढकलायची. धावणं आणि ढकलणं यांत तत्त्वतः फरक नाही, असं ड्रायव्हरचं मत पडलं. हा तोच ड्रायव्हर.

जेवणाचा सरावही होता. छावणीत जेवायला वेळ देत नाहीत, म्हणून मक्याच्या पिठाच्या गरम आक्प्लेचा गोळा आणि भेंडीचं कालवण पुढे ठेवायचं, एडेमनं दोन घास घेतले की ताट ओढून घ्यायचं. उरलेलं अन्न वाया जाऊ नये ही जबाबदारी समितीनं स्वतःवर घेतली, आणि एकदाही कुचराई केली नाही.

एडेमनं हे सगळं निमूटपणे केलं. रात्री खाटेवर पडला की त्याला आपले पाय कुणा दुसऱ्याचे आहेत असं वाटायचं. पण भिंत उभी राहिली, बागेला पाणी गेलं, भुईमूग स्वच्छ झाला. तयारीचे परिणाम दिसू लागले होते.

ओरडण्याचं काय, हे राहिलं होतं.

पहिला प्रयोग कोमलाकाकांनी केला. बाजारच्या मधोमध एडेमला ताठ उभं करून त्यांनी तोंडाजवळ तोंड नेलं.

"ए बेशिस्त माणसा, तुला लाज नाही वाटत?"

एडेमचे ओठ थरथरले, गाल फुगले आणि तो खो खो हसला. मग पाद्रीबुवांनी प्रयत्न केला. पण त्यांना मध्येच क्षमेबद्दलचं वचन आठवलं आणि ओरडता ओरडता ते आशीर्वाद देऊन बसले. मासेवाल्या बायकांनी पाळीपाळीनं हात धुऊन घेतले. एकीनं त्याला सुकलेली मागूर म्हटलं, एकीनं भोक पडलेली होडी. एडेम हसून हसून खाली बसला.

"अक्पेनेला बोलवा," तोग्बे म्हणाले.

सगळ्यांच्या मनात तेच होतं. अक्पेने आत्याचा आवाज असा होता की धुक्यात वाट चुकलेल्या होड्या तिच्या भांडणाच्या रोखानं किनाऱ्याला लागायच्या. तिनं गिऱ्हाइकांना, दलालांना, एकदा तर खुद्द तोग्बेंना सोलून काढलं होतं. फक्त एडेमवर ती कधी चढ्या आवाजात बोललेली नव्हती.

"मी नाही," आत्या म्हणाली. "मेलेल्या भावाच्या लेकरावर ओरडू? माझे मासे जळतायत तिकडे."

"अहो, त्याच्या भल्यासाठीच," कोमलाकाका म्हणाले.

"तुम्ही पाव भाजा."

शेवटी एडेमच तिच्या भट्टीपाशी जाऊन उकिडवा बसला. "आत्या, मला तिथून हाकलतील गं. एकदा ओरड. नीट ओरड."

आत्यानं मासे उलटे केले, हात पदराला पुसले, आणि उभी राहिली. बाजार आपोआप गोळा झाला.

"ऐक तर मग, अरे ए बांबूच्या पेरा," ती म्हणाली आणि तिथून तिनं आवाज लावला. "तुझा पणजोबा होडीत बसायला घाबरायचा म्हणून मासे स्वतः बाहेर येऊन मरायचे. तुझा आजोबा चालायला लागला की गोगलगाई वाट सोडून मागे वळून बघायच्या. तुझ्या बापाला जाळं दिलं तर त्यात तोच सापडायचा. आणि तू? तुला बघून सैन्य बंदुका खाली ठेवेल, म्हणेल आता लढायचं तरी कुणासाठी?"

एडेम हसत होता. सगळा बाजार हसत होता. तोग्बे छत्रीच्या दांड्याला धरून हसत होते.

"हस. हसून घे," आत्या ओरडली, त्याच आवाजात. "चांगल्या माशाचं डोकं रोज बाजूला काढून ठेवते मी, ते आता कुणाला वाढू? भिंतीला? दार वाजलं की कोण आलं म्हणू, वारा? जा ना. जा. बघू तुझं सैन्य तुझ्या तापलेल्या कपाळावर ओला फडका ठेवतं का ते."

हसणं कुठे थांबलं ते कुणाला कळलं नाही. एडेमचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत्या वळून भट्टीकडे गेली. काही मासे खरोखरच जळले होते.

थोड्या वेळानं तोग्बे खाकरले. "उमेदवार पात्र," असं ते म्हणाले, पण हळू.

छावणीत पहिल्या सकाळी कवायत सुरू झाली. येथे एक तांत्रिक बाब नोंदवणं भाग आहे. कोमलाकाकांनी जी कवायत पाहिली, ती खिडकीतून, म्हणजे जवानांच्या समोरून पाहिली होती. त्यामुळे जवान डावीकडे वळले की काकांना ते उजवीकडे वळलेले दिसायचे, आणि काकांनी एडेमला अत्यंत प्रामाणिकपणे तेच शिकवलं होतं. "डावीकडे वळ," असा हुकूम सुटला. सगळी तुकडी डावीकडे वळली, एडेम खाडकन उजवीकडे वळला, आणि शेजारच्या जवानाच्या नाकाला नाक लावून ताठ उभा राहिला.

सार्जंट इसिफू सावकाश चालत आले. ओरडण्यात त्यांची हयात गेली होती आणि घसा बसला होता. पण खरं दुःख वेगळं होतं. इतकी वर्षं ओरडून एकाही पोराच्या मनाला कधी लागलं नव्हतं. पोरं समोर थरथरायची आणि जेवणाच्या रांगेत त्यांची नक्कल करायची. पालथ्या घड्यावर पाणी.

"ए लांबोड्या," ते गरजले. "डावं-उजवं कळत नाही? कुणी वाढवलं तुला? घरी तुला कुणी काही शिकवलं की नाही?"

एडेमच्या पोटातून हसू निघालं होतं. पण 'घरी' हा शब्द आला आणि त्याला भट्टी दिसली, ताटात वेगळं काढलेलं माशाचं डोकं दिसलं. हसू वाटेतच विरलं. खालचा ओठ वळला, आणि दोन्ही गालांवरून पाणी ओघळलं.

सार्जंट थबकले.

"काय झालं रे?"

"काही नाही, सर."

"डोळ्यात काय गेलं?"

"आत्या, सर."

सार्जंटनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "बरं, बरं. मी तसं म्हणत नव्हतो. घरचे चांगलेच असतील तुझे. हा हात डावा. हां. शाबास."

त्या दिवशी जेवताना त्यांनी बाकीच्या सार्जंटना सांगितलं, "आज एकाला लागलं." ते दोनदा म्हणाले. तेव्हापासून ते एडेमवर फार जीव लावून ओरडू लागले. आधी "घसा जरा तापवतो हं" असं सांगून. तुकडीतल्या पोरांनाही हे लवकरच कळलं. सार्जंट तापलेले दिसले की ती एडेमला हळूच पुढे ढकलायची, आणि सार्जंट विरघळायचे.

बाकी प्रशिक्षणानं एडेमला जरा चक्रावून टाकलं. पळायचं होतं, पण पुढे गाडी नव्हती. सरपटायचं होतं, पण तण उपटायला कुणी सांगत नव्हतं, तरी त्यानं सवयीनं उपटलं आणि मैदानाचा तो पट्टा गुळगुळीत करून ठेवला. खंदक खणला, आणि मग तोच बुजवायला सांगितला. कुणाच्याच बागेला पाणी गेलं नाही, याची त्याला रुखरुख लागली. सगळ्यांत मोठा धक्का जेवणाचा. त्यानं दोन घास घेतले आणि हात मागे घेऊन वाट पाहत बसला. ताट कुणी ओढलं नाही.

"हे सगळं माझंच का?" त्यानं शेजारच्याला विचारलं.

"मग काय माझं?" शेजारचा म्हणाला. त्याचं नाक अजून सुजलेलं होतं.

सैनिकी प्रशिक्षणात माणूस वाळतो असा सार्वत्रिक अनुभव आहे. एडेमच्या मात्र गालांवर मांस आलं. रोज बिगुल वाजेपर्यंत झोपायला मिळतं, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. शपथविधी होऊन तो जवान झाला, तेव्हा त्याच्या गणवेशाची बटणं बदलून शिवावी लागली.

तो रजेवर गावी आला तेव्हा समिती स्वागताला हजर होती. त्याचे गाल पाहून तोग्बेंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"सत्यानाश," ते म्हणाले. "आपली सगळी मेहनत सैन्यानं पाण्यात घातली."

"पाव बरा असतो हो तिथला," कोमलाकाका पुटपुटले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

पाद्रीबुवांनी खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस, लेका. रजा आहे तोवर तुला पुन्हा रुळावर आणतो. चर्चच्या छपराचे पत्रे येऊन पडलेत."

 दुसऱ्या दिवशी उजाडताच एडेमनं आत्याचं गाठोडं बांधलं, आत्याला पुढे घातलं आणि रजा अर्धी टाकून छावणीकडे निघाला. विश्रांतीसाठी. छावणीच्या गावात त्यानं एक खोली घेतली, तिच्यात धुराची भट्टी नव्हती. आत्या आता फाटकाबाहेर सावलीत बसून भजी तळते. डोळ्यांची लाली उतरलीय. संध्याकाळी सार्जंट इसिफू तिच्याकडे येऊन बसतात आणि वाक्यं घासून घेतात.

"पणजोबापासून सुरू करायचं," आत्या सांगते. "एकदम माणसावर जायचं नाही. लागत नाही ते."

इकडे आदाकोप्यात समितीपुढे पेच पडला. मशागतीची सगळी यंत्रणा तयार, छपराचे पत्रे पडून, आणि उमेदवार नाही. सैन्य दर वर्षी गावातून एखाद-दुसराच घेतं, आणि तेवढ्यात छप्पर काही होत नाही. तेव्हा सैन्यात जाण्याची अट शिथिल करण्यात आली. मग वयाची. मग गावात राहण्याची. ज्याला कुणाला आपली तब्येत कधीतरी सुधारायची आहे, असा कोणीही आता पात्र आहे. आणि अशी माणसं ओळखायला अर्ज लागत नाही. ती एका खुणेवरून ओळखू येतात. धावण्याचं, कवायतीचं, सरपटण्याचं नुसतं वाचलं, तरी ती बसल्या जागी पाठ ताठ करतात आणि पोट आत ओढून धरतात.

सोडा आता. श्वास घ्या. तुमची निवड मगाशीच झाली.