बटण सेलाची मोहीम आणि सासरेबुवांचा डबा

साद्यंत हकीकत ऐसी जे, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या राज्यात संगणक नामे एक जुना सरदार चाकरीस होता. त्याचे पोटात, मदरबोर्ड म्हणतात त्या पाटावर, नाण्याएवढा सेल बसविला होता. यंत्र बंद असता तारीखवार ध्यानी ठेवणे ही त्याची कामगिरी. तो सेल नवा घालावा आणि पंधरवडा न लोटता गतप्राण व्हावा, मग सरदाराने सकाळी उठून भलतेच साल सांगावे, आणि तारीख जुळेना म्हणून कचेरीच्या संकेतस्थळाने दार लावून घ्यावे, ऐसा कहर मांडिला.

सूनबाईसाहेब त्याच यंत्रावरून घरबसल्या कचेरीची चाकरी करीत. तारीख हाताने लावावी तों हजेरीची वेळ टळे. अखेर कचेरीतून निर्वाणीचा खलिता आला की, आणखी एक उशीर जाहल्यास चाकरी खालसा. चाकरी मोठ्या मिनतवारीने मिळविली होती, आणि ती गेली तर 'घरातच तर असतेस' हे पुन्हा उठता बसता ऐकावे लागणार, हे सूनबाई पक्के जाणून होत्या.

मग खलबत बसले. पतिराज हे संगणकशास्त्रातील स्वयंघोषित सेनापती. त्यांनी फर्माविले की हे बंड व्हायरसाचे, आणि अख्खा रविवार खर्ची घालून कत्तल आरंभिली. व्हायरस एकही सापडला नाही, आणि सूनबाईंची दोन फोल्डरे मात्र धारातीर्थी पडली. कोठीचे मुखत्यार खासे सासरेबुवा; त्यांनी हुकूम केला की सेल पुन्हा बदलावा, आणि नेहमीप्रमाणे कपाटातून दस्तुरखुद्द नवा काढून दिला. तोही पडला.

तेव्हां सूनबाईंनी मनाशी म्हटले, सेल मरतो कोठे हे पुष्कळ पाहिले, आता येतो कोठून ते पाहू. कपाट उघडून डबा काढिला, तों कपाळावर हात मारिला! वेष्टने उगाच जागा अडवितात म्हणून सासरेबुवांनी सारे सेल पाकिटातून सोडवून पत्र्याच्या डब्यात, खिळे आणि टाचण्यांचे गर्दीत कोंडिले होते. लोखंड दोहों अंगांस भिडून सेल डब्यातच झिजत, आणि रणात उतरत ते अर्धमेले. मदरबोर्ड बिचारा निर्दोष. सूनबाईंनी तो डबा उघडाच सासरेबुवांपुढे ठेविला, तडक दुकानी गेल्या आणि पाकीटबंद सेल आणून स्वहस्ते बसविला. महिना लोटला, तारीख जागची हलली नाही, हजेरी वेळेवर लागली, चाकरी कायम राहिली.

एके सायंकाळी पतिराज भगिनीस फोनवर विजयवार्ता कळवीत होते, "अगं, कुणाला जमेना, शेवटी मीच केला दुरुस्त!" सासरेबुवांनी त्यांचे हातून फोन घेतला.

"खोटं बोलतोय हा. सूनबाईनं शोधून काढलं. चूक माझी होती."

सासूबाई ताट हाती धरून जागीच थिजल्या. उभा जन्म संसार केला, परंतु हे बोल त्यांचे कानी कधी पडले नव्हते. तरी लिहून ठेविले जे, सेलावरील फत्ते ही लहान. 'चूक माझी' हा मुलूख आजवर कोणाचे बापास काबीज जाहला नव्हता, तो सूनबाईसाहेबांनी एक अक्षर न बोलता सर केला.