मानपत्रातली मुलगी

बाबांच्या मानपत्रात लिहिलेली मुलगी मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या एसटीने आली.

दार मी उघडलं. माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं, ते पडलं. तिने ते उचलून कट्ट्यावर ठेवलं, पायपुसण्याने दूध टिपलं आणि म्हणाली, "अर्पिता भंगाळे."

"ती मी," मी म्हटलं.

"मीपण," ती म्हणाली आणि सत्कार समितीची पावती पुढे केली. पावतीवर लिहिलं होतं: कन्या, नग एक. निर्भीड. वक्तृत्वसंपन्न. कायद्याची पदवीधर. तपासून पोच द्यावी.

आईने तिला पुढून-मागून पाहिलं, सही केली आणि विचारलं, "चहा घेशील ना गं? साखर किती?"

"दीड चमचा."

मला आजवर कुणी साखर विचारली की मी "कितीही चालेल" म्हणत आले आहे. दीड चमचा असं सरळ सांगता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि मला तिचा राग आला.

आमच्या तालुक्याच्या गावाची पद्धत अशी आहे. माणसाला पासष्ट वर्षं झाली की सत्कार होतो, सत्कारात मानपत्र वाचलं जातं, आणि मानपत्रात जे वाचलं ते आठ दिवसांत घरपोच करणं समितीवर बंधनकारक असतं. सत्कारमूर्तींकडे जे आधीच आहे ते अर्थातच पाठवत नाहीत. पोस्टमास्तर रोकडेंना 'वृक्षप्रेमी' म्हटलं होतं, तर चौथ्या दिवशी चार ट्रक कडुनिंब आले आणि त्यांना फाटक काढून ठेवावं लागलं. तेलघाणीवाल्या फालकांच्या मानपत्रात 'नातवंडांनी भरलेलं गोकुळ' होतं. त्यांच्या मुलाचं लग्न अजून ठरायचं आहे, पण सातही नातवंडं शाळेत रुळली आहेत.

मानपत्रं सगळी झांबरे सर लिहितात. ते हायस्कुलात मराठी शिकवायचे. त्यांचा साचा एकच आहे, फक्त नावं बदलतात. आदल्या रविवारी झालेल्या बाबांच्या सत्कारासाठी त्यांनी लिहिलं होतं: अडतीस वर्षं दिवाणी वकिली, गोरगरिबांचे खटले मोफत, दर रविवारी मार्केट यार्डाच्या शेडमध्ये कायदा सल्ला शिबिर, मुलींचं वसतिगृह, स्मशानभूमीची पाण्याची टाकी. हे सगळं खरं होतं, म्हणून यातलं काही आलं नाही. 'सुविद्य पत्नी सौ. कुमुदताई यांची खंबीर साथ' असं होतं. दुसरी आई आली नाही, कारण आई होती. 'निर्भीड विधिज्ञ' असं बाबांना म्हटलं होतं, त्याबद्दलही काही आलं नाही. 'क्रीडाप्रेमी' होतं, म्हणून एक कॅरम बोर्ड आला. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत होतं: 'पित्याचा वारसा तितक्याच निर्भीडपणे चालवणारी एकुलती एक कन्या अ‍ॅड. अर्पिता.' तिथे मुलगी आली.

याचा अर्थ काय, हे कळायला सनद लागत नाही. समितीने आमच्या घरात येऊन पाहिलं होतं, आणि मी त्यांच्या हिशेबात भरले नव्हते.

ती बाबांबरोबर दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेली. माझाच कोट घालून गेली, कारण पावतीत कोट नव्हता. मी पांढऱ्या सलवार-कमीजवर मागून चालत गेले. मला सनद मिळून दोन वर्षं झाली आहेत. या दोन वर्षांत मी न्यायाधीशांसमोर एकूण तीन वाक्यं बोलले आहे आणि तिन्हींत पुढची तारीख मागितली आहे. साहेबांनी नुसती मान वर केली तरी माझ्या हातातल्या फायली सुटतात. शिपाई आता आधीच खाली वाकून उभा राहतो.

बाररूममध्ये बेंडाळे वकील म्हणाले, "काय भंगाळेसाहेब, सीनियर-ज्युनिअर सगळं घरचंच! आता आम्ही काय टपरी टाकायची का?"

"बघा बुवा, जागा पाहून ठेवा," बाबा म्हणाले. ते हसत होते. बाबा कोर्टाच्या आवारात हसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

शिरस्तेदारांनी मात्र रजिस्टर पुढे ओढून रीतसर विचारलं, "नोंद कोणत्या अर्पिताबाईंची करू? मानपत्रातल्या, की रेशनकार्डावरच्या?"

"मानपत्रातल्या," ती म्हणाली. मी काही म्हणायच्या आत शाई वाळली होती.

शुक्रवारी सुलोचनाबाईंचा दावा होता. या बाईंच्या नणंदेने अकरा वर्षांपूर्वी घराच्या सामाईक जिन्याला कुलूप लावलं. तेव्हापासून बासष्ट वर्षांच्या सुलोचनाबाई वरच्या खोलीत बाहेरून शिडी लावून जातात. किराणा, पाण्याची कळशी, एकदा तर शिवणयंत्रसुद्धा शिडीवरूनच गेलं. बाबांचा हा सगळ्यात जुना मोफत खटला. त्याचे कागद दोन वर्षं मी लावले. वाटणीपत्राच्या सातव्या पानावर 'जिना उभयतांचा' असं आहे. तिथे तांबडी खूण मी केली होती, आणि पुसट दिसते म्हणून परत दोनदा केली होती.

तिने फाइल उघडली, तांबडी खूण दिसली, आणि ती उठून बोलायला लागली. वीस मिनिटं बोलली. नणंदेचे वकील हरकत घ्यायला अर्धे उठायचे आणि तसेच बसायचे. शेवटी न्यायाधीशांनी कुलूप त्याच दिवशी काढायचा हुकूम केला. खरं सांगायचं तर मलाही टाळी वाजवावीशी वाटली. मी हात मांडीखाली दाबून बसले.

संध्याकाळी सुलोचनाबाई पेढे घेऊन आल्या. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "काय बोलली वं माय! अकरा वर्साचं कुलूप एका दमात काढलं. वाघीण आहेस, वाघीण!" मग मला बघून त्यांनी उरलेला एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "तू पण खा गं. तू कोण, यांची पाहुणी का?"

त्या दोन वर्षं दर महिन्याला माझ्याकडून तारीख लिहून घ्यायच्या.

शनिवारी समितीचं पत्र आलं. चिटणीस सुरेश वाणी स्वतः घेऊन आले आणि पाणीही न पिता उभ्या उभ्या वाचलं. मानपत्रात 'एकुलती एक' असा उल्लेख असल्याने एका घरी दोन कन्या ठेवता येत नाहीत. सबब जुनी कन्या मंगळवारी समितीकडे जमा करावी. हरकत असल्यास सोमवारी पाचच्या आत नोंदवावी.

"जमा करून पुढे काय करता हो?" आईने विचारलं.

"पुढे कुणाच्या मानपत्रात बसली तर पाठवतो, वहिनी," वाणी म्हणाले. मग माझ्याकडे पाहून पुढे म्हणाले, "लाजाळू, मितभाषी असं कधी कुणी लिहिलं, तर."

मी बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही काय म्हणता?"

बाबांनी पत्र हातात घेऊन तारीख पाहिली, मग मागची बाजू पाहिली. "मी या प्रकरणात पक्षकार आहे, अर्पू. मला मत देता येत नाही." ते आतल्या खोलीत गेले आणि तिथे बराच वेळ कॅरमच्या सोंगट्या वाजत राहिल्या. ते एकटेच खेळत होते.

रविवारभर मी हरकतीचा अर्ज लिहिला. अकरा वेळा खाडाखोड झाली. अर्जात मी काय लिहिणार होते? ती माझ्याहून उंच दिसते, जरी आम्ही एकाच मापाच्या आहोत. तिने आईला सांगितलं की भाजीत मीठ जास्त झालंय, आणि आई रागावली नाही. ती झोपते तेव्हा दाराची कडी लागली की नाही हे उठून बघत नाही. यातलं कोणतंही कारण कायद्यात बसत नव्हतं. शेवटी मी 'हरकत आहे' एवढंच लिहिलं आणि सोमवारी पावणेपाचला नोंदवलं.

मंगळवारी दहाला समिती आमच्या दिवाणखान्यात बसली. अध्यक्ष अप्पासाहेब, चिटणीस वाणी आणि झांबरे सर. मी उभी राहिले. अप्पासाहेबांनी चष्म्याची डबी बंद केली, तिचा टक् असा आवाज झाला, आणि मी बसले.

"हरकतदारांतर्फे कोणी वकील?" वाणींनी विचारलं.

"मी आहे," ती म्हणाली.

"तुम्ही तर समोरचा पक्ष."

"वकीलपत्र दाखल करते. हरकत कुणाला असेल तर सांगा."

झांबरे सर वाणींकडे बघायला लागले, वाणी अप्पासाहेबांकडे. माझ्यासमोर कागद आला आणि मी सही केली. कुठल्याही कागदावर सही करू नये, हे बाबांनी मला लहानपणापासून शिकवलं होतं.

"माझी अशील घाबरट आहे, हे मी मान्य करते," तिने सुरुवात केली. मला जमिनीत जावंसं वाटलं. "आता साक्षीदार म्हणून अ‍ॅड. वामनराव भंगाळे यांना बोलावते."

बाबा समोरच्याच खुर्चीवर होते, ते उठून पुन्हा तिथेच बसले.

"साक्षीदार, उलटतपासणीला उभं राहायच्या आधी तुम्ही काय करता?"

बाबांनी घसा साफ केला. "हे विचारणं गरजेचं आहे का?"

"शपथेवर आहात."

"कोर्टामागच्या संडासात जातो."

"किती वेळा?"

"तीनदा." आईने चहाचा ट्रे खाली ठेवला. "मोठा खटला असेल तर चारदा. हाताला घाम येतो म्हणून कोटाच्या खिशात टाल्कम पावडर ठेवतो. अडतीस वर्षं झाली. साहेबांनी मान वर केली की मला अजून वाटतं, आता हे मला बाहेर काढणार."

"हे घरात कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही." बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हिच्या हातून पहिल्यांदा फायली पडल्या, तेव्हा मला वाटलं, ही भीती माझ्याकडूनच गेली आहे हिच्याकडे. म्हणून मी हिच्याशी त्यावर कधी बोललो नाही."

"एवढंच," ती म्हणाली आणि समितीकडे वळली. "समितीने यांना 'निर्भीड विधिज्ञ' म्हटलं आणि दुसरे वडील पाठवले नाहीत. म्हणजे इतकी भीती असलेला माणूस समितीच्या मते निर्भीड ठरतो. मानपत्रात कन्येबद्दल शब्द आहे 'तितक्याच निर्भीडपणे'. तितक्याच. माझी अशील वडिलांइतकीच घाबरते, कमी नाही, जास्त नाही. ती मानपत्राशी तंतोतंत जुळते. मी जुळत नाही. मला भीतीच वाटत नाही, म्हणजे मी यांच्यापेक्षा जास्त आहे. मला चुकून पाठवलंय."

वाणी उसळून म्हणाले, "अहो, मग वडीलही बदलून द्यावे लागतील!"

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. खरंच निघाली, शेजारच्या घरातून कुणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं.

"घरपोच करायची मुदत आठ दिवसांची," ती म्हणाली. "काल संपली."

झांबरे सरांनी बोटं मोजली आणि मान डोलावली. अप्पासाहेबांनी हरकत मान्य केली. बाबांनी खिशातून रुमाल काढला, त्यातून थोडी पावडर गालिच्यावर सांडली.

जादा कन्या म्हणून ती साडेचारच्या एसटीने समितीच्या गोदामाकडे निघाली. माझा कोट तिने घडी करून पलंगावर ठेवला होता. आईने दशम्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "जाशील तिथून फोन कर गं." बाबा स्टँडवर सोडायला गेले. परत आले ते चपला काढतानाच म्हणाले, "काय युक्तिवाद केला पोरीने! मुदतीचा मुद्दा माझ्यासुद्धा लक्षात नव्हता."

पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी या घरची मुलगी होते, त्याचा कागद माझ्या कपाटात होता, आणि तो तिने मिळवलेला होता. मी जिंकले ती गोष्टही तिचीच होती. जेवताना बाबा तो युक्तिवाद पुन्हा सांगायचे. मी भात कालवत बसायचे.

मग डॉ. सरोदेंचा सत्कार झाला. त्यांच्या मानपत्रात 'निष्णात आणि निर्भीड एकुलती एक डॉक्टर कन्या' असं होतं. गुरुवारी मी त्यांच्या दवाखान्यात प्रेशर तपासायला गेले. मला प्रेशर नाही.

तीच होती. पांढरा कोट तिला बेताचा बसला होता. तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि म्हणाली, "घाबरता का तुम्ही? नाव काय?"

मी नाव सांगितलं. तिने ते केसपेपरवर लिहिलं, वेलांटीसुद्धा न अडखळता.

आतून सरोदेबाईंनी हाक मारली, "बाळा, चहा निवतोय!" आणि ती "आले आई" म्हणून आत गेली. आमच्या घरी तिला कुणी बाळा म्हटलं नव्हतं. आम्हाला सुचलंच नाही.

बाहेर मी चपला घालत असताना औषधांच्या खिडकीकडून एक मुलगी आली. साधारण माझ्याच वयाची, डोळे सुजलेले. डॉक्टरांची आधीची मुलगी, नम्रता. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही हरकत घेतली होती ना? ती कशी घेतात?"

"मुदतीचे किती दिवस राहिलेत?"

"तीन. वकील कोण देईल मला? तिच्यासमोर उभं राहायला कुणी तयार नाही. आणि फी—"

आतून चहाच्या कपांचा आवाज आला, आणि सरोदेबाई कशावर तरी मोठ्याने हसल्या.

"असले खटले आमच्या घरी मोफत चालवतात," मी म्हटलं आणि पर्समधून कोरं वकीलपत्र काढलं. ते हातातून पडलं. आम्ही दोघींनी वाकून ते उचललं, आणि तिने सही केली.