मनीची नखे

क्लाउसने खुर्चीच्या फाटलेल्या बैठकीवरून हात फिरवला आणि निकाल देऊन टाकला. "मांजराची नखंच काढून टाक, आत्या. अमेरिकेत काढतात."

१९५८ साली क्लाउस हायडेलबर्गच्या अमेरिकन छावणीत कामाला होता. त्यामुळे अमेरिकेत काय करतात हे त्याला अमेरिकेपेक्षा जास्त ठाऊक असे. खुर्ची होती आत्याच्या, म्हणजे घरमालकीण फ्राऊ हाइनच्या, युद्धात गेलेल्या नवऱ्याची. तिच्यावर कुणी बसायचे नाही, असा घरचा दंडक होता.

"नुसती नखं नाही, बोटाचं पेरच कापतात," वरच्या खोलीतला भाडेकरू श्रीरंग कळवळून म्हणाला. तो विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्रबंध लिहीत होता. "कायद्यानं बंदी हवी यावर!"

"आणि खुर्च्या फाडण्यावर नको?" क्लाउसने विचारले.

"आल्झो, ठरलं तर," फ्राऊ हाइन डोळे पुसत म्हणाल्या, "सोमवारी डॉक्टरकडे नेते मिन्काला."

 ही मिन्का म्हणजे श्रीरंगची मनी, त्या गावात त्याचे मराठी ऐकून घेणारी एकटीच. वाघाची मावशी ती, आणि नखांवाचून जगणार! पुढचामागचा विचार न करता तो बोलून गेला, "मनीनं नाही, मी फाडली खुर्ची."

"कशानं?" फ्राऊ हाइननी विचारले.

"पायाच्या नखांनी. तुम्ही बाजारात गेलात की मी तिच्यावर मांडी घालून बसतो."

"दाखव की!" क्लाउस म्हणाला.

आता माघार कुठली? श्रीरंगने मोजे काढले. नखे खरोखरच वाढली होती, मनीलाही हेवा वाटावा इतकी.

"आत्या, सोमवारी यालाच ने!" क्लाउस खो खो हसला.

फ्राऊ हाइन हसल्या नाहीत. श्रीरंगची दाढी वाढलेली त्यांनी पाहिली होती, पण प्रबंध संपत आला असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. "हेर श्रीरंग, हे काय?"

"आमच्यात सुतकात नखं काढत नाहीत. आई गेली. मागच्या आठवड्यात तार आली."

तार आल्यापासून तो रडला नव्हता. रडणार तरी कुणाजवळ?

फ्राऊ हाइन उठल्या आणि खुर्ची ओढत शेगडीजवळ घेऊन आल्या. "बसा. मांडी घालून."

श्रीरंग अवघडून बसला. लगेच मनीने उडी मारली आणि सगळ्यांदेखत बैठक टराटरा फाडायला घेतली. श्रीरंगने मान खाली घातली.

"ठाऊक होतं मला," फ्राऊ हाइन म्हणाल्या. "हिची आजीही फाडायची. माझा नवरा नुसता हसायचा. जाऊ दे ते सोमवारचं."

तेवढ्यात मनी त्याच्या मांडीत शिरली आणि तिने गुडघ्यात नखे रुतवली. श्रीरंगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"नखं लागली का?" त्यांनी हळूच विचारले.

"हो," तो म्हणाला. "नखंच लागली."

मांजराला मात्र कुणी उचलले नाही.