विदुराघरी सोयाबड्या

मारोतरावांनी पोळीचा तुकडा मोडला, तर पोळीही सोयाबीनची निघाली. भाजीत सोयाबड्या होत्याच, कोशिंबिरीत पनीरचं सोंग घेऊन टोफू बसला होता आणि सकाळचा चहासुद्धा सोयाच्या दुधाचा झाला होता.

"नीतू बेटा, घरातली तूरडाळ सरली का?"

"नाही बाबूजी. पण हे खाओ ना, तुमच्यासाठी फायद्याचं आहे," सून म्हणाली आणि तिनं आणखी चार बड्या वाढल्या. तिचे डोळे एवढे मायेनं भरले होते, की नाही म्हणायची मारोतरावांची छाती झाली नाही.

कसला फायदा ते त्यांना कळेना. विचारायला बायको, सिंधुताईही घरी नव्हत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या नागपूरला गेल्या होत्या.

खरं कारण होतं कीर्तन. स्टील प्लांटमधली नोकरी संपेपर्यंत आणि त्यानंतरही भिलाईत कुठंही कीर्तन असलं, की मारोतराव पहिल्या रांगेत. बुवांच्या आधी यांच्या डोळ्यांत पाणी. यंदा अमरावतीच्या बुवांचा घसा बसला, आणि हुडको वसाहतीतल्या देवळाचे धोंडबाजी म्हणाले, "मारोतराव, तुमीच उभे राहा. एवढं आयकलं, आता थोडं वापस करा." त्या रात्री मारोतरावांना आनंदानं झोप लागली नाही. पोरगा पीयूष हसेल म्हणून त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. तो ड्यूटीवर गेला, की खोलीचं दार लोटून कपाटाच्या आरशासमोर तालीम सुरू.

नीतू शेजारच्या दुर्गची, हिंदी घरातली. तिनं जन्मात कीर्तन ऐकलं नव्हतं. दाराआडून तिला ऐकू आलं ते असं: सासरे एकच ओळ पुन्हा पुन्हा गातात, "ताट सोन्याचं राहू दे राजा, घास भावाचा गोड रे!" मग थांबतात. स्वतःलाच विचारतात, "कुठं होतो आपण?" मग स्वतःच सांगतात, "हां, विदुराच्या दारात!" आणि पुन्हा तीच ओळ. कीर्तनकार श्रोत्यांना असंच विचारत असतो, हे तिला कोण सांगणार?

"पीयूष, बाबूजींना आपण कुठे आहोत तेच कळत नाही," तिनं रडवेल्या सुरात सांगितलं. "पूछते हैं, कहाँ थे हम! कोण्या विदुरकडे समजतात स्वतःला." म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीला सोयाबीन चांगलं, असं तिनं कुठंसं वाचलं होतं. संध्याकाळी स्कूटरवर अख्खं पोतं आलं.

मग पीयूषनं बाबांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"बाबा, आज कोणता वार आहे?"

"मंगळवार. कावून रे, तुले शिफ्ट समजून नाई राहिली का?"

"आणि आपलं घर कुठं आहे?"

"स्मृती नगरात." मारोतरावांनी पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला. "नीतू, याले ताप हाय का पाह्य बरं."

शुक्रवारी देवळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मारोतरावांच्या रविवारच्या कीर्तनाचं निमंत्रण आलं, आणि पीयूषनं घाबरून धोंडबाजींना फोन केला. धोंडबाजी तसेच घरी आले. "मारोतराव, पोरगा म्हणते, तुमाले याद नाई राहात. उभं करू नका म्हणते."

मारोतरावांच्या हातातला सोयाचा लाडू हातातच राहिला. आता कुठं त्यांना त्या पोत्याचा अर्थ लागला. "अरे, तालीम करून राहिलो होतो मी! कीर्तनात तसंच राहाते!"

"मग आत्ता दाखवा ना बाबा," पीयूष म्हणाला.

मारोतराव ताडकन उभे राहिले. तिघांचे सहा डोळे रोखलेले. "दुर्योधनाचा राजवाडा सोडून," त्यांनी हात उंचावला, "देव जेवाले कोणाच्या घरी गेला? तर देव गेला..." आणि त्यांची नजर समोरच्या धोंडबाजींवर पडली. "...धोंडबाच्या घरी."

नीतूनं पदर डोळ्यांना लावला.

"माह्या घरी तं नाई आला बाप्पा," धोंडबाजी हळूच म्हणाले. पण रविवारला दुसरा माणूस कुठून आणणार? "असं करू. मी मांग टाळ घेऊन बसतो. तुमी अडले, की मी आरती सुरू करून देतो. कोणाले समजणार नाई."

कीर्तन अर्ध्यावर तोडून आरती! मारोतरावांना तो अपमान स्वतःपेक्षा देवाचा वाटला. आता त्यांनाच स्वतःचा भरवसा वाटेना. गीझर बंद केला का, हे ते तीनदा पाहून येऊ लागले. आरती आपल्या वेळेलाच होऊ दे बा पांडुरंगा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

रविवारी देऊळ भरलं. गळ्यात हार, कपाळाला बुक्का, हातात चिपळ्या. मारोतराव उभे राहिले आणि गाऊ लागले, ते काय गोड! दुर्योधनाचा राजवाडा झाला, पंचपक्वान्नं झाली, देव विदुराच्या झोपडीत आला. बायामाणसं पुढे सरकली. "विदुराच्या बायकोनं लाजत लाजत वाटी पुढे केली. देवानं वाकून पाहिलं. आणि वाटीत होत्या..."

वाटीत सोयाबड्या होत्या. मारोतरावांना डोळ्यांसमोर दुसरं काही दिसेचना. देवाच्या पुढ्यातली ती वाटी, रस्सा, आणि वर कोथिंबीर.

मागे धोंडबाजींनी टाळ खाली ठेवून आरतीचं ताट ओढलं.

मारोतरावांनी डोळे मिटून दिसेल तो आधार धरला, "ताट सोन्याचं राहू दे राजा, घास भावाचा गोड रे!" एकदा, दोनदा, कितीदा तरी. तबल्यानं लय चढवली, टाळ्या सुरू झाल्या, सगळं देऊळ गाऊ लागलं. वाटी काही रिकामी होईना. काडी ओढल्याचा आवाज आला. शेवटी मारोतरावांनी अगदी काकुळतीनं हात जोडले, "आता तुमीच सांगा मायबापहो, काय होतं त्या वाटीत?"

"कण्या!" अख्खं देऊळ ओरडलं.

"कण्या!" मारोतराव असे नाचले, की हार तुटला. धोंडबाजींची काडी हातातच विझली. लोक डोळे पुसत होते. आरती झाली, ती आपल्या वेळेला.

घरी आल्यावर नीतू पायाच पडली. "बाबूजी, माफ करा. वो तो सब कीर्तन था! आणि मी काय काय समजून बसले."

"आणि ते विसरल्याचं सोंग!" पीयूष म्हणाला. "बाबा, मी खरंच घाबरलो होतो ना. धोंडबाकाका तर आरतीच पेटवत होते. अख्खं हुडको फसवलं तुम्ही."

मारोतराव गालातल्या गालात हसले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

"आजपासून सोयाबीन बंद!" नीतूनं जाहीर केलं आणि त्यांच्यापुढं गरम झुणका, भाकर, कांदा असं ताट मांडलं. मारोतराव तृप्त होऊन जेवू लागले. पीयूष हात धुवायला उठला, तसे त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहत आवाज खाली केला.

"नीतू बेटा, सकाळच्या त्या बड्या... फेकल्या तं नाई ना?"

"आहेत थोड्या. कावून बाबूजी?"

"काई नाई. अन्न हाय, वाया कायले घालवाचं," मारोतराव म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली. "वाढ. रस्सा पन दे."