टीचरना माहेरचं नाव हवं

आमच्या शेजारच्या फिलोमिना टीचरकडे कुणा बाईमाणसाला पहिल्यांदा न्यायचं तर आधी तयारी करून न्यावं लागतं. टीचरना सासरचं नाव चालत नाही. "ह्या रवांदे. आवशीन काय ठेवलेला, ता सांग गो!"

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आमची रीत त्यांना साफ नामंजूर. "घोवान तांदळात बोट फिरयल्यान म्हणान माणूस बदलता काय?" हे त्यांनी माझ्याच लग्नात, माझं बोट तांदळात असताना, पहिल्या रांगेतून विचारलं. मी घाबरून बायकोचं जुनंच नाव लिहिलं.

टीचरनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, लग्न केलं नाही, नावांचा नाद मात्र केला. आना म्हणजे कृपा, अनिता तिचीच धाकटी. इझाबेल आणि एलिझाबेथ ही एकच बाई, गाव बदलून आलेली. आमच्या वाडीत तीन जावा आहेत, भागीरथी, जान्हवी आणि मंदाकिनी. टीचर त्यांच्या सासूला म्हणाल्या, "तिनय सुनो गंगा, आणि तू गो अजून विहिरीर पाणी भरतंस?"

माझी आई सासरी सुलोचना झाली. माहेरची ती आवडी. आजोबांना ते गावंढळ वाटलं. रेशनकार्डापासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळीकडे सुलोचना, पण टीचरच्या तोंडी कायम आवडी. मला राग यायचा. माझ्या आईला काय म्हणायचं हे ही बाई कोण ठरवणार!

यंदा आई गेली. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. माडावर चार बसलेले, एक उतरेल तर शपथ. भावाने सांगितलं, बाबांना अंतर देणार नाही. मी सांगितलं, आंब्याची कलमं विकणार नाही. बहिणीने तर आईची सगळी लोणची दरवर्षी घालायचं कबूल केलं. कावळे ढिम्म. आईचं काय राहिलं असेल?

"दर्भाचा कावळा करूया," भटजी म्हणाले.

"थांबा!" छत्री घेऊन लांब उभ्या असलेल्या टीचर तरातरा पुढे आल्या. "सकाळपासून सुलोचना, सुलोचना! तिका तिच्या नावान हाक मारा."

आईला नावाने हाक कशी मारायची? माझी जीभ उचलेना. बाबांनी तर मान खाली घातली. मग मीच सगळा जोर एकवटून ओरडलो, "आवडी!" आणि तिथेच ढसाढसा रडलो.

कावळा उतरला. भटजी म्हणाले, त्याची वेळच झाली होती. म्हणोत बापडे.

परत येताना मी टीचरना विचारलं, "सगळ्यांच्या नावांचे अर्थ सांगता, तुमच्या नावाचा काय?"

"तुझ्या आवशीच्या नावाचोच," त्या म्हणाल्या. "फिलोमिना म्हणजे आवडती. ह्या मी तिका एकटेकच सांगलेलंय. तेवापासून आमी दोघी एकमेकींका आवडीच म्हणत होतंव." छत्री उगाचच मिटली, परत उघडली. "आता सगळे टीचरच म्हणतले रे."

मी त्यांचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.