सबनीसांना ‘हो’ चालत नाही

सबनीसांबरोबर ऑटो पकडणं हे माझं रोजचं दुखणं आहे. मेट्रोतून उतरलो की ते ऑटोवाल्याला आमच्या सोसायटीचा पत्ता सांगतात आणि लगेच विचारतात, "अब आप बताइए, कहाँ जाना है?" ऑटोवाला एकदा माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. आम्ही चालत घरी.

सबनीस नोएडातल्या आमच्या पार्सल कंपनीत नव्या पोरांना ट्रेनिंग देतात. मी तिथेच अकाउंट्समध्ये. मयूर विहारला आम्ही शेजारी, त्यामुळे सुटका नाही. माणूस एका जागी ठरत नाही. मेट्रोत जागा रिकामी असली तरी यांच्या फेऱ्या चालूच.

"समजलं का विचारलं की माणूस हो म्हणतो," ते मला येरझारा घालता घालता ऐकवतात. "हो म्हणणं ही सभ्यता, यार. समजणं वेगळं!" म्हणून त्यांच्या वर्गात ‘यस सर’ला बंदी. काचेचं पार्सल कसं धरायचं ते सांगून झालं की फर्मान सुटतं, "करके दिखाओ!" एकदा पाहणीला आलेल्या मॅनेजरसाहेबांच्याच हातात त्यांनी खोकं दिलं. साहेबांनी ते उलटं धरलं.

त्याचा राग होता की काय कोण जाणे, पण गेल्या महिन्यात हुकूम आला. ट्रेनिंग आता मोबाइलवरच्या व्हिडिओतून; सबनीसांनी गोदामातल्या पावत्या तपासायच्या. "व्हिडिओला शंका कोण विचारणार?" हे त्यांनी मला इतकं ऐकवलं की मी डबा खायला दुसऱ्या मजल्यावर जाऊ लागलो.

शेवटच्या वर्गाच्या दिवशी त्यांना न्यायला गेलो, तर सोलापूरची शबाना सगळ्यांना खोकं धरून दाखवत होती. अगदी बिनचूक. सबनीस खूश झाले. "चलो, अब शंका पूछो."

कुणालाच शंका नव्हती. शिकवलंच होतं तितकं नीट. पोरं बॅगा उचलू लागली. सबनीस टेबलाभोवती फिरत राहिले.

"अच्छा, एक तो होगी? छोटी सी?"

सबनीसवहिनी गेल्यापासून त्यांच्या घरात बोलायला कुणी नाही, हे मला माहीत होतं. मी दारातूनच हात वर केला.

"सर, पार्सल गीला आया तो?"

उत्तर मलासुद्धा पाठ होतं. शबानाने माझ्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि परत जागेवर बसली. मग बाकीचेही बसले.

"शाब्बास! क्या सवाल है!" सबनीस म्हणाले आणि त्यांनी भराभर फळा पुसायला घेतला.