आबासाहेबांचे दोन शब्द

बाळांनो, एका जंगलात झोप फुकट मिळत असे. अंधार पडला की ज्यानं त्यानं आपापली घ्यावी, कुणी विचारत नसे.

मग डोंगरापलीकडून चमकखडे आले. दिसायला खडीसाखर. चाटला की भूक जाई, झोप जाई, आणि अंगात दहा जणांचं बळ आलंय असं वाटे. नुसतं वाटे हं.

त्या जंगलात भिवा नावाचा सुगरण पक्षी होता. घरटी विणावीत तर त्यानंच. हंगाम आला, मागणी वाढली. तेवढा हंगाम उरकेपर्यंत म्हणून भिवानं खडा चाटला. मग तो थांबेचना. एक घरटं त्यानं बिनदाराचं विणलं. दुसऱ्याला नुसती दारंच. गवत संपलं तेव्हा शेजारी डुलक्या घेणाऱ्या कावळ्याची शेपटी फांदीला विणून टाकली.

कावळा बोंबलत दवाखान्यात आला. फांदीसकट.

दवाखान्यात सोनाक्का नर्स होती. जातीची साळिंदर. मन लोण्यासारखं, पाठ काट्यांची. तिनं कावळ्याला सोडवलं आणि भिवाला उचलून आणलं. त्याचे डोळे टक्क उघडे होते. काळीज असं धडधडत होतं की छातीवरची पिसं बाहेरून हलताना दिसत.

"झोप रे राजा."

"झोपतो की अक्का. एवढा धागा संपला की लगेच."

चोचीत धागा नव्हताच.

सोनाक्कानं समजावलं. मग ती रागावली. रागावली की तिचे काटे उभे राहत, आणि काटे बघून भिवा आणखी फडफडे. हे पाखरू झोपलं नाही तर ह्याचं काळीज बंद पडेल, एवढं तिला कळत होतं. काय करावं, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात वरून हुकूम आला. चमकखडे चाटणाऱ्यांची काळजी कशी घ्यावी, याचं प्रशिक्षण आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांनी हजर राहावं. दाखवायला एक रुग्ण आणावा.

सोनाक्का भिवाला टोपलीत घालून गेली.

प्रशिक्षण माळावर, भर उन्हात होतं. दीपप्रज्वलनाला काजवे बोलावले होते. ते पेटलेही असतील, पण उन्हात कुणाला दिसले नाहीत. शिकवायला कोतवाल पक्षी होता. काळा कुळकुळीत, आवाज कानठळ्या बसवणारा.

"रुग्णाशी हळू बोला!" तो किंचाळला. भिवा टोपलीतून हातभर उडाला.

"त्याच्याभोवती गर्दी करू नका! या, या, सगळे पुढं या, जवळून बघा!"

"उजेड कमी ठेवा! जरा उन्हात धरा हो त्याला, मागच्यांना दिसत नाहीये!"

"आणि रागावू नका! ए साळिंदरबाई, काटे खाली! एकदा सांगून कळत नाही?"

सोनाक्कानं काटे खाली घेतले. कोतवाल सांगतोय ते खरं आहे, हे तिला पटलं. फक्त ते शिकताना तिचा भिवा हातचा चालला होता.

मग प्रमुख पाहुणे उठले. आबासाहेब गवा. डोंगराएवढे, म्हातारे, अतिशय भले. विषय कुठलाही असो, ते गवतावर बोलत. आवाज जात्यासारखा, एका सुरात घरघरणारा.

"मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," आबासाहेब म्हणाले.

"मेलो," मागच्या रांगेतलं रानडुक्कर म्हणालं. "जेवणाचं पिठलं गार होणार."

"आमच्या वेळी गवत… होतं. हिरवं… होतं. आता हिरवं म्हणजे कसं, तर…"

आबासाहेबांची भली मोठी सावली टोपलीवर पडली होती. तिथं थंड होतं, अंधारलेलं होतं. माळावर कुणी हालत नव्हतं. नुसती घरघर. भिवाची मान कलली. एक पापणी मिटली. मग दुसरी. चोच हळूच पंखात गेली.

"झोपला!" कोतवाल म्हणाला. "वाजवा टाळ्या!"

सोनाक्काचे काटे उभे राहिले. झाडून सगळे. एकही टाळी वाजली नाही.

"झोपलेल्याला उठवू नये ना साहेब?" ती कुजबुजली.

"ते पुढच्या सत्रात आहे," कोतवाल पुटपुटला.

आणि तेव्हाच घात झाला. "एवढं बोलून," आबासाहेब म्हणाले, "मी माझे दोन शब्द संपवतो."

घरघर थांबली. भिवा दचकला. पंख थरथरू लागले.

सोनाक्कानं घाईघाईनं पंजा वर केला. "आबासाहेब, एक शंका आहे. तुमच्या लहानपणी गवतावर दव कसं पडायचं?"

आबासाहेब बघतच राहिले. जन्मभर भाषणं केली, पण पुढचं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले.

"बसा सगळे," ते म्हणाले. "सविस्तर सांगतो."

"अक्के, पाया पडतो तुझ्या," रानडुक्कर म्हणालं, "दुसरी शंका काढू नकोस."

तिनं काढली. दवानंतर ओंब्यांची काढली, ओंब्यांनंतर टोळांची. ऊन कललं तशी सावली सरकली, आणि सावलीमागं सोनाक्का टोपली सरकवत राहिली. पिठलं गार झालं. रानडुक्कर घोरू लागलं. कोतवालही पेंगला. सोनाक्का मधून मधून भिवाच्या छातीला कान लावी. टांग्याच्या घोड्यासारखं धावणारं काळीज हळूहळू बैलगाडीच्या चालीवर आलं.

सकाळी भिवानं डोळे उघडले.

"अक्का," तो म्हणाला, "भूक लागली गं."

सोनाक्कानं तोंड फिरवून डोळे पुसले आणि बाजरीचे दाणे पुढं केले. दाणे टिपता टिपता भिवानं वर पाहिलं. आबासाहेब अजून उभेच होते. घसा पार बसला होता.

"आबा, त्या टोळांचं पुढं काय झालं? माझं जरा ऐकायचं राहिलं."

"येत जा," आबासाहेब कसेबसे म्हणाले. "सांगेन."

पुढच्या हंगामात भिवा पुन्हा एकदा घसरला. लाजत लाजत दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. सोनाक्कानं त्याला आत घेतलं. काटे खाली ठेवले, टोपली सावलीत ठेवली आणि आबासाहेबांना निरोप धाडला. कावळाही चौकशीला येऊन गेला. शेपटी जरा लांबच ठेवून.

तात्पर्य : प्रशिक्षणात कुणी झोपला तर त्याला उठवू नये. सगळ्या सभेत तेवढ्या एकालाच गुण आलेला असतो.